प्रकाशाकडून गणित करून घेताना एसएलएम नावाचा पडदा कसा पारखायचा?

साध्या बहिर्वक्र भिंगात एक विलक्षण गुण आहे. भिंगाच्या एका नाभीपाशी पारदर्शक फिल्मवरचं चित्र ठेवायचं आणि त्यावर लेसरचा समांतर झोत सोडायचा. दुसऱ्या नाभीपाशी त्या चित्राचं फूरिए रूपांतर, म्हणजे ते किती ढोबळ आणि किती बारीक नक्षींचं बनलं आहे याची मांडणी, आपोआप उमटतं. ढोबळ आकारांचा प्रकाश मधोमध गोळा होतो, बारीक तपशिलांचा कडेला जातो आणि चित्रात कोणत्या दिशेच्या रेषा जास्त आहेत हे ठिपक्यांच्या जागेवरून कळतं. वीस लाख पिक्सेलच्या चित्रासाठी हेच काम संगणकाला द्यायचं तर कोट्यवधी गुणाकार आणि बेरजा लागतात.

या ठिपक्यांच्या प्रतलात, म्हणजे फूरिए प्रतलात, एक फिल्टर ठेवला आणि पुढे तसंच दुसरं भिंग लावलं की प्रकाश पुन्हा चित्राच्या रूपात येतो, पण फिल्टरमधून गाळून. फिल्टर नीट आखलेला असेल तर मूळ चित्रात आपल्याला हवी ती वस्तू जिथे असेल, नेमका तिथे एक टोकदार ठिपका उजळतो. असा फिल्टर होलोग्रामच्या रीतीने फिल्मवर कसा नोंदवायचा, हे मिशिगन विद्यापीठातले अँथनी व्हँडरलुग्ट यांनी १९६४ साली दाखवलं. या यंत्राला कोरिलेटर म्हणतात. दहा सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन भिंगं घेतली तर अख्खी मांडणी चाळीस सेंटिमीटरची होते आणि प्रकाश ती दीड नॅनोसेकंदाच्या आत पार करतो.

मग असे संगणक घरोघरी का नाहीत? कारण हिशेब क्षणात होतो, पण हिशेबाला बसण्याआधी चित्र प्रकाशावर चढवावं लागतं आणि तिथे घोडं अडतं. त्या काळात चित्र फिल्मवर असे. विमानातल्या रडारच्या नोंदी फिल्मवर घ्यायच्या, फिल्म धुवायची, सुकवायची आणि मग भिंगांच्या रांगेतून लेसर सोडायचा. मिशिगनमध्येच अशा पद्धतीने रडारच्या नोंदींमधून जमिनीच्या अतिशय स्पष्ट प्रतिमा काढल्या गेल्या. फिल्मची जागा क्षणोक्षणी बदलता येणाऱ्या पडद्याने घ्यावी, ही निकड तेव्हापासूनची. तो पडदा म्हणजे स्पेशियल लाइट मॉड्युलेटर (प्रकाशात जागोजागी वेगवेगळा बदल करणारा पडदा), थोडक्यात एसएलएम. आज सर्रास मिळणारा एसएलएम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला सुमारे सतरा मिलिसेकंद. भिंगांना लागणाऱ्या वेळेच्या हे एक कोटीपटीहून जास्त आहे. त्यामुळे प्रकाशीय गणनयंत्राची कुवत भिंगं ठरवत नाहीत, एसएलएम ठरवतो. त्याची पारख करणं म्हणजे निम्म्याहून अधिक यंत्राची पारख करणं.

पडदा नेमकं काय करतो

प्रकाशाच्या लाटेत दोन गोष्टी बदलता येतात: तिची उंची आणि तिची फेज, म्हणजे ती आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. लेझीमचं पथक डोळ्यांसमोर आणा. सगळे एकाच ठेक्यावर आहेत. आता मधल्या रांगेला सांगितलं की तुम्ही अर्धा ठोका उशिरा झुका. कुणाचा जोर कमी झालेला नाही, पण पथकातून उठणारी लाट पार बदलली. फेज बदलणारा एसएलएम हेच करतो. त्याचा प्रत्येक पिक्सेल आपल्यावर पडलेल्या प्रकाशाला सांगितलं तेवढा उशीर करायला लावतो, प्रकाश अडवत मात्र नाही.

आज प्रयोगशाळांमध्ये सर्वात जास्त दिसतो तो एलकॉस जातीचा पडदा. खाली सिलिकॉनची चिप, तिच्यावर पिक्सेलचे आरशासारखे चकचकीत इलेक्ट्रोड, त्यावर काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकाचा थर आणि सगळ्यांत वर काच. व्होल्टेज दिलं की द्रवस्फटिकाचे लांबट रेणू कलतात, थराचा अपवर्तनांक बदलतो आणि प्रकाशाला लागणारा वेळ बदलतो. यातला नेहमीचा पडदा १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा आणि पिक्सेल आठ मायक्रॉनचा. पुढचे सगळे हिशेब मी याच पडद्यावर आणि ६३३ नॅनोमीटरच्या लाल हीलियम-निऑन लेसरवर करणार आहे.

या पडद्यांची वंशावळ मात्र टीव्ही आणि प्रोजेक्टरची. १९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या संशोधकांनी दुकानात मिळणारे खिशातले द्रवस्फटिकी टीव्ही उघडले, त्यांचे पोलरायझर (एकाच दिशेने हेलकावणारा प्रकाश पुढे सोडणारे थर) काढून टाकले आणि ते सरळ लेसरच्या वाटेत उभे केले. स्वस्तात एसएलएम मिळाला, पण त्याबरोबर डोळ्यांसाठी बनवलेल्या वस्तूचे सगळे गुणदोषही आले. डोळ्याला फक्त प्रकाशाची तीव्रता दिसते आणि तीही तो बरीच सांभाळून घेतो. एखादा पिक्सेल मेलेला असला, पडदा किंचित वाकलेला असला, चित्र सूक्ष्म थरथरत असलं तरी सिनेमा बघताना कुणाची तक्रार नसते. फूरिए प्रतलात मात्र सगळा खेळ फेजचा आहे. ओपनहाइम आणि लिम यांनी १९८१ साली एक प्रयोग ठळकपणे मांडला: दोन चित्रांच्या फूरिए रूपांतरांमधली फेज आपसांत अदलाबदल केली, तर ज्याची फेज घेतली त्याचंच चित्र ओळखू येतं. १९८४ साली हॉर्नर आणि जिआनिनो यांनी पुढचं पाऊल टाकलं. फिल्टरमधली तीव्रतेची माहिती टाकून देऊन फक्त फेज ठेवली, तर प्रकाश वाया जात नाही आणि जुळणीचा ठिपकाही अधिक टोकदार येतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणूनच फेज किती इमानाने पाळली जाते, हा एसएलएमच्या परीक्षेतला पहिला प्रश्न.

फेज मोजायची कशी

डेटाशीटवर लिहिलेलं असतं की पडदा शून्यापासून पूर्ण एका आवर्तनापर्यंत फेज बदलतो, २५६ पायऱ्यांमध्ये. हे वाचून समाधान मानू नये. २५६ पायऱ्या आहेत याचा अर्थ त्या सारख्या उंचीच्या आहेत असा होत नाही. द्रवस्फटिक सुरुवातीच्या व्होल्टेजला ढिम्म हलत नाही, मग भराभर कलतो आणि शेवटी पुन्हा सुस्तावतो. ही वक्र रेषा सरळ करणारा तक्ता पडद्यात भरावा लागतो आणि तो तक्ता आपल्या लेसरसाठी आपणच मोजावा, असं माझं ठाम मत आहे. ६३३ला एक पूर्ण आवर्तन देणारा पडदा ५३२च्या हिरव्या लेसरला सुमारे १.२ आवर्तनं देईल आणि १०६४च्या अवरक्त लेसरला जेमतेम ०.६. तोच पडदा, तेच व्होल्टेज.

मोजण्याची मला सर्वांत आवडणारी रीत दोन भोकांची आहे. लेसरचा झोत रुंद करून घ्यायचा आणि त्यापुढे दोन भोकं पाडलेला पत्रा लावायचा. झोताची ध्रुवणदिशा, म्हणजे प्रकाशाची लाट ज्या दिशेने हेलकावते ती, आधी द्रवस्फटिकाच्या रेणूंच्या दिशेला समांतर करून घ्यावी लागते, नाहीतर फेजबरोबर ध्रुवणही बदलतं आणि आपण भलतंच काही मोजत बसतो. दोन भोकांमधून आलेले झोत पडद्याच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांवर पडतात. तिथून परतल्यावर एका भिंगाने ते एकत्र आणायचे. जिथे ते मिसळतात तिथे व्यतिकरणाचे काळे-लाल पट्टे पडतात. ते फार बारीक असल्याने मायक्रोस्कोपच्या वस्तुभिंगाने मोठे करून कॅमेऱ्यावर घ्यायचे.

आता डाव्या भागावर करड्या रंगाची पातळी शून्यच ठेवायची आणि उजव्या भागावर ती पायरीपायरीने वाढवायची. पट्टे एका बाजूला सरकू लागतात. सुरुवातीला जागचे हलत नाहीत, मग लगबगीने सरकतात. पट्टा शेजारच्या पट्ट्याच्या जागी जाऊन बसला की एक आवर्तन पुरं झालं. प्रत्येक पातळीला पट्टा किती सरकला याचा आलेख काढला की तोच आपला तक्ता. या रीतीचं मोठं सुख असं की दोन्ही झोत जवळजवळ एकाच वाटेने जातात. टेबल हललं, हवा थरथरली, तरी दोघांवर परिणाम सारखाच होतो आणि पट्टे फारसे डळमळत नाहीत. फक्त पडदा सुरू केल्याकेल्या मोजायला बसू नये. तो तापतो, तापला की द्रवस्फटिकाची पकड सैल होते आणि त्याच पातळीला फेज कमी मिळते. तापमान स्थिरावू द्यावं आणि आलेखावर ते लिहून ठेवावं.

कॅमेऱ्यावर पट्टे शांत दिसले तरी पडदा शांत असेलच असं नाही. द्रवस्फटिकाला एकाच दिशेचं व्होल्टेज सतत देता येत नाही. थरातले आयन एका बाजूला साचतात आणि पडदा खराब होतो, म्हणून दिशा सतत उलटत राहावी लागते. शिवाय डिजिटल पडद्यांमध्ये मधलं व्होल्टेज थेट दिलेलंच नसतं. झटपट चालू-बंद करून त्याची सरासरी साधलेली असते. रेणू ती सरासरी पाळतात, पण पूर्णपणे नाही, आणि फेज एका सेकंदात शेकडो वेळा वरखाली होते. मंद कॅमेरा हे सगळं पुसून टाकतो. म्हणून पडद्यावर समांतर पट्ट्यांची एक जाळी दाखवायची, तिच्यामुळे बाजूला वळलेला झोत जलद फोटोडायोडवर घ्यायचा आणि ऑसिलोस्कोपवर बघायचं. तिथे लाट दिसते. पडदा थंड केला तर रेणू जड होतात आणि ही थरथर कमी होते, पण मग चित्र बदलायलाही वेळ लागतो.

शेजाऱ्याचा त्रास

पिक्सेलच्या मधल्या फटींमध्ये प्रकाशावर आपलं नियंत्रण नसतं. पडद्याचा ९३ टक्के भाग कामाचा असेल तर कोऱ्या पडद्यावरून सरळ परतणारा प्रकाश जास्तीत जास्त ०.९३चा वर्ग, म्हणजे साधारण ८६.५ टक्के. पिक्सेलची चौकटच एक जाळी असल्यामुळे आणखी साडेसहा टक्के प्रकाश आजूबाजूच्या ठिपक्यांमध्ये विखुरतो. एलकॉसच्या फटींमधूनही थोडा प्रकाश परावर्तित होतो आणि त्याच्यावर आपल्या चित्राचा काहीच संस्कार झालेला नसतो. फिल्टरच्या जागी असा पडदा असेल तर न गाळलेलं मूळ चित्र थेट निकालावर येऊन बसतं आणि जुळणीचा ठिपका त्यात हरवतो.

यावर तोडगा आहे. फिल्टरच्या फेजमध्ये एक तिरका उतार मिसळायचा, म्हणजे गाळलेला प्रकाश थोडा बाजूला वळतो आणि न गाळलेला मधोमध राहतो. आठ मायक्रॉनचा पिक्सेल लाल प्रकाशाला जास्तीत जास्त सव्वादोन अंशांपर्यंतच वळवू शकतो, तेव्हा ऐसपैस जागा मिळत नाही. उतार म्हणजे फेज शून्यापासून वाढत जाऊन एका आवर्तनाला पोचते आणि तिथून एकदम शून्यावर उडी घेते. ती उडी खरी अडचणीची.

शून्यावरचा पिक्सेल आणि पूर्ण आवर्तनावरचा पिक्सेल शेजारी शेजारी आले की त्यांच्यामधलं विद्युतक्षेत्र सरळ उभं राहत नाही, ते तिरकं पसरतं. त्या पट्ट्यातले रेणू ना इकडचे ना तिकडचे होतात. कागदावर आपण काटकोनी उडी आखलेली असते, पडद्यावर मात्र घसरण तयार होते. परिणाम मोजायला सोपा आहे. करवतीच्या दात्यांसारखी जाळी दाखवायची आणि बाजूला वळलेल्या पहिल्या झोतात किती प्रकाश आला ते बघायचं. आदर्श पडद्यावर दाता दोन पिक्सेलचा असेल तर ४०.५ टक्के, चारचा असेल तर ८१, आठचा ९५, सोळाचा जवळपास ९८.७ टक्के प्रकाश वळायला हवा. दाते रुंद असताना खरा पडदा या आकड्यांच्या जवळ राहतो. दाते अरुंद होत गेले की तो मागे पडू लागतो. ही मागे पडण्याची रेषा मला डेटाशीटवरच्या कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. तिच्यावरून कळतं की कागदावर वीस लाख असलेल्या पिक्सेलपैकी खरोखर स्वतंत्रपणे वागणारे किती आहेत.

माझ्या मते एसएलएमचे दोष बघताना दोष किती यापेक्षा तो कोणत्या जातीचा हे आधी विचारावं. पडद्याची वक्रता घ्या. सिलिकॉनची चिप चिकटवताना वाकते आणि पडदा एक-दोन तरंगलांब्यांनी फुगीर किंवा खोलगट होतो, हे नेहमीचंच. ऐकायला भयंकर वाटतं, कारण सरासरी वाकडेपणा तरंगलांबीच्या चौदाव्या भागाइतका झाला तरी ठिपक्याची उजळी ऐंशी टक्क्यांवर येते. पण ही वक्रता रोज तीच असते. एकदा मोजली, तिच्या उलट फेजचा नकाशा प्रत्येक चित्रात मिळवला की ती बहुतांशी नाहीशी होते. वाकड्यातिकड्या पायऱ्यांचंही तेच. थरथर त्याहून वाईट, कारण ती वेळेबरोबर बदलते. तरीही कॅमेऱ्याची उघडझाप पडद्याच्या लयीशी जुळवली तर ती बरीच आवाक्यात येते. शेजाऱ्याचा त्रास मात्र चित्रागणिक बदलतो. कालच्या फिल्टरसाठी केलेली दुरुस्ती आजच्या फिल्टरला लागू पडत नाही. शिवाय वक्रतेची दुरुस्ती करताना चित्रात नव्या उड्या येतात, फटींवरच्या तोडग्यात येतात, म्हणजे इतर दोषांवरचे उपाय याच दोषात भर घालतात. पडदा निवडताना मी सर्वांत जास्त वजन याला देतो.

वेग आणि त्याची किंमत

द्रवस्फटिकाचा थर विश्रांतीच्या स्थितीत परतायला जो वेळ घेतो, तो थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पूर्ण आवर्तनासाठी ठरावीक जाडी तर हवीच. आरशावरून परतणारा प्रकाश थरातून दोनदा जातो, म्हणून एलकॉसमध्ये निम्मी जाडी पुरते आणि वेळ चौथ्या हिश्शावर येतो. हेच उलट्या बाजूने, दूरसंचारातल्या १५५० नॅनोमीटर प्रकाशासाठी जवळजवळ अडीचपट जाड थर लागतो आणि पडदा साधारण सहापट मंदावतो.

वेगाचा खरा बादशहा दुसऱ्या जातीचा आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली डीएमडी (डिजिटल मायक्रोमिरर डिव्हाइस) शोधून काढला. यात प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक सूक्ष्म आरसा आणि तो अधिक किंवा उणे बारा अंशांनी झुकतो. १०२४ गुणिले ७६८ आरशांची चिप सेकंदाला ३२ हजारांहून अधिक चित्रं दाखवते, म्हणजे सेकंदाला सुमारे २,५६० कोटी बिट. आपला साठ चित्रांचा एलकॉस, प्रत्येक पिक्सेलला आठ बिट धरूनही, शंभर कोटींच्या आसपास थांबतो. पण डीएमडीला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं. त्याच्याकडून फेज हवी असेल तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होलोग्राम दाखवून बाजूचा झोत वापरावा लागतो आणि त्या झोतात आदर्श स्थितीतही दहा टक्केच प्रकाश येतो. आरशांच्या तिरक्या रांगा स्वतःच एक जाळी असल्याने तरंगलांबी आणि कोन नीट जमवले नाहीत तर तेवढाही मिळत नाही.

तेव्हा कोणता पडदा चांगला, याचं उत्तर सुट्या आकड्यांवरून देता येत नाही, ते कामावरून द्यावं लागतं. कोरिलेटरसाठी त्या कामाचं माप ठरलेलं आहे. जुळणीच्या ठिपक्याची उंची घ्यायची, भोवतालच्या भागाची सरासरी तिच्यातून वजा करायची आणि त्या भागातल्या चढउताराने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागायचं. हे गुणोत्तर मोठं असेल तर वस्तू निःसंशय सापडली. अशा मापांची पद्धतशीर मांडणी विजय कुमार आणि हॅसब्रुक यांनी १९९० साली केली. त्यातले विजय कुमार आयआयटी कानपूरमध्ये शिकून कार्नेगी मेलन विद्यापीठात गेलेले. हे गुणोत्तर आधी संगणकावर आदर्श पडदा धरून काढावं. मग आपण मोजलेला फेजचा तक्ता, फटी, वक्रता आणि उडीतली घसरण एकेक करून त्यात घालत जावी. कोणत्या पायरीला गुणोत्तर कोसळतं ते दिसतं आणि पैसा कुठे घालायचा तेही कळतं. पोलरायझर चांगला घेऊन सुधारणारी गोष्ट असेल तर महागडा पडदा कशाला?

यंत्राच्या लांबीचा हिशेबही पडद्यावरच अवलंबून असतो. दोन्ही जागी आठ मायक्रॉनचे पडदे असतील आणि चित्र १०२४ पिक्सेल रुंद असेल तर पहिल्या पडद्याचं रूपांतर दुसऱ्या पडद्याच्या पिक्सेलवर नेमकं बसायला भिंगाचं नाभीय अंतर सुमारे १०४ मिलिमीटर लागतं. पिक्सेल ३.७४ मायक्रॉनचा घेतला तर तेच २३ मिलिमीटरच्या आत येतं. यंत्र तळहातावर मावेल, पण शेजाऱ्याचा त्रास वाढलेला असेल आणि दुसरा पडदा चार मायक्रॉनच्या आत नेमक्या जागी बसवावा लागेल.

आजकाल प्रकाशावर चालणाऱ्या न्यूरल नेटवर्कबद्दल सेकंदाला अब्जावधी क्रियांचे दावे वाचायला मिळतात. त्यात पडद्यावर चित्र चढवण्याचा आणि कॅमेऱ्यातून निकाल उतरवण्याचा वेळ धरला आहे का, हे आधी बघावं. यातला एक मार्ग मला खरोखर आशेचा वाटतो. नेटवर्क एकदा शिकलं की त्याचा फिल्टर क्वचितच बदलतो, बदलत राहतात ती चित्रं. म्हणून चित्रांच्या जागी झटपट डीएमडी लावायचा आणि फिल्टरच्या जागी फेज नीट पाळणारा, मंद असला तरी चालेल असा एलकॉस. अशा मांडणीत एलकॉसचे साठचे बंधन आड येत नाही, त्याच्या थरथरीचा प्रश्न मात्र अधिक तीव्र होतो. सेकंदाला तीस हजार चित्रं जात असतील तर एका चित्राच्या वाट्याला तेहतीस मायक्रोसेकंद येतात आणि फिल्टरची थरथर त्या काळात सरासरीत मिटत नाही. एका चित्राला एक फिल्टर भेटतो, पुढच्याला किंचित वेगळा. म्हणून या कामासाठी एलकॉस घेताना त्याच्या वेगाचा आकडा बाजूला ठेवावा आणि फोटोडायोड लावून ऑसिलोस्कोपवर त्याची लाट आधी बघून घ्यावी. त्यानंतर तीस हजार चित्रं टिपू शकणारा कॅमेरा शोधायला लागावं.